शाईचा रकाना

मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शक मोडका असेल. भिंग चिरलेलं, दिवा मधूनच मिणमिणणारा, टेबलाचा एक पाय विटेवर. आणि त्या सगळ्यावर मात करणारी मी, बाह्या सरसावून उभी. सात वर्षं दूरच्या विद्यापीठात बुरशीचा अभ्यास करताना परतीच्या दिवसाची जी चित्रं मी मनात रंगवली होती, त्यांत गळकं छत होतं, अज्ञान होतं, तुटपुंजी साधनं होती, आणि त्यांच्याशी भांडायला मी कंबर कसून आले होते. प्रत्यक्षात प्रयोगशाळा लखलखीत निघाली. सूक्ष्मदर्शक माझ्या विद्यापीठातल्यापेक्षा नवा. फरशी अशी की पाऊल टाकताना आपल्याच तळव्यांची लाज वाटावी. माणसं अदबशीर, चहा वेळेवर. आणि खिडकीजवळच्या टेबलाशी, सकाळी साडेआठला, दिवसाचा एकही नमुना अजून आलेला नसताना, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ झरझर निकाल लिहीत बसले होते.

त्यांना सगळे तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे छापखाना.

"काका, नमुने कुठायत?"

"येतील की नऊपर्यंत."

"मग हे काय लिहिताय?"

"निकाल," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी विचारलं होतं, पाणी ओलं का असतं.

त्यांनी मला फॉर्म समजावून सांगितला, अगदी प्रेमानं. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा तो फॉर्म. वरच्या बाजूला 'रुग्णाची प्रतिकारशक्ती' असं छापलेलं आणि पुढे दोन चौकोन, उत्तम आणि क्षीण. खाली पेशी, साखर, क्षयाचे जंतू असे रकाने, आणि सर्वांत शेवटी शाईची तपासणी. वॉर्डातून आदल्या दिवशी फॉर्म यायचे. ज्यांच्यावर 'उत्तम'ची खूण असेल त्यांच्या शेवटच्या रकान्यात काका सकाळीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकत: आढळली नाही.

"बघितल्याशिवाय?"

"धडधाकट माणसाच्या डोक्यात बुरशी शोधायची? बुरशी शिळ्या पावावर येते, बाई. ताज्या पावावर कोण शोधत बसतं?"

आजूबाजूचे हसले. मीही हसले, पहिला दिवस होता म्हणून. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तपासणी म्हणजे काय, तर काचपट्टीवर त्या पाण्याचा एक थेंब आणि काळ्या शाईचा एक थेंब. एका जातीच्या बुरशीभोवती जाड, बुळबुळीत कवच असतं, त्यात शाई शिरत नाही. त्यामुळे ती असली तर काळ्याभोर अंधारात पांढरी वर्तुळं दिसतात, नसली तर नुसता अंधार. पाच मिनिटांचं काम. शाईची एक बाटली वर्षभर पुरते. ही बुरशी श्वासाबरोबर आत जाते आणि मेंदूच्या आवरणात ठाण मांडते, आणि बहुतेक वेळा ज्यांची शक्ती खचलेली आहे त्यांनाच गाठते, हे खरं. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. उरलेल्यांवर, ज्यांच्या रक्तात काही खोट नाही, जे काल जिने चढत होते, त्यांच्यावर मी माझा प्रबंध लिहिला होता. ते मरतात ते बुरशीनं कमी आणि उशिरानं जास्त. कारण त्यांच्याकडे बघून कुणालाच काही शोधावंसं वाटत नाही.

शाईची बाटली पोलादी कपाटात मागे पडली होती. आतली शाई सुकून तिची खपली झाली होती.

*

घरी बाबा होते आणि आत्या. बाबा सुतार, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल, भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेल्या पटाश्या, आणि कानावर कायम चपटी पेन्सिल. आई गेल्यापासून घर आत्या चालवत होती, मुख्यतः जिभेने. मी गावी परतले त्या दिवशी मला घ्यायला बाबा आले तेव्हा त्यांनी दोन बोटं कपाळावर दाबून धरली होती, उन्हाला आडोसा करावा तशी. ऊन नव्हतं.

"डोकं दुखतंय?"

"छे. ठणठणीत."

हा त्यांचा आवडता शब्द. गेले दोन महिने फोनवर ते अर्धाच चेहरा दाखवत होते, आणि मी, मेंदूतल्या बुरशीवर प्रबंध लिहिणारी, त्यांना सांगत होते की पाणी पीत जा.

पहिल्या आठवड्यात मी नवी शाई मागवली. काकांना सांगितलं, यापुढे आधी बघायचं, मग लिहायचं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी साडेआठला निकाल लिहायला बसले. मी त्यांच्या हातून पेन काढून घेतलं. तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणी पेन काढून घेतलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकून आलात, आम्ही इथं शिकलो, एवढाच काय तो फरक." मी म्हणाले, "नाही काका, फरक एका थेंबाचा आहे." वाक्य मला स्वतःलाच आवडलं. त्या दिवसांत मला माझी बरीच वाक्यं आवडत.

संध्याकाळी माझ्या उजव्या हाताच्या कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, शाई लागलेली असे. काका बाटली नीट बंद करत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर डाफरले. त्यांनी बाटली उलटी करून दाखवली. एक थेंबही गळला नाही.

*

बायकांच्या वॉर्डात चौथ्या खाटेवर एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई होत्या. चाळिशीच्या, सडसडीत, कधी सर्दीनेसुद्धा रजा न घेतलेल्या. दोन महिने त्यांना क्षयाच्या मेंदूज्वराची औषधं चालू होती, कारण काहीतरी चालू असायला हवं होतं. त्यांच्या फॉर्मवर 'उत्तम'ची खूण होती आणि शेवटच्या रकान्यात ते मोत्याचं अक्षर, तीनदा, तीन वेगवेगळ्या तारखांना.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या तापाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलने काळं भरत होत्या. मान ताठ होती, हलवता येत नव्हती, डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. पण हात शांतपणे, एका लयीत चालला होता.

"काय काढताय, बाई?"

"काढत नाहीये. जे आहे ते सोडून बाकीचं भरतेय," त्या म्हणाल्या. "सात जणी आहेत. एकीच्या कडेवर बाळ. किती सांगितलं तरी रांगेत बसत नाहीत."

मी कागद हातात घेतला. दाट काळ्यात सात पांढरी वर्तुळं, प्रत्येकाच्या मध्यभागी एक फिकट गाभा, आणि डावीकडच्या एका वर्तुळाला चिकटलेलं एक चिमुकलं, अंकुरासारखं. असं चित्र मी सात वर्षं रोज पाहिलं होतं. बाईंनी आयुष्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता, मी विचारलं.

त्याच दुपारी त्यांच्या पाठीतलं पाणी काढलं. मी स्वतः शाईचा थेंब टाकला, स्वतः भिंगाखाली पाहिलं. सात. डावीकडचं लेकुरवाळं. मी बाईंचा कागद शेजारी ठेवला, आणि मग उलटा करून ठेवला.

मी तेव्हा घाबरायला हवं होतं. पण घाबरायला मन थोडं तरी रिकामं लागतं, आणि माझं रागानं काठोकाठ भरलं होतं. कागद खणात टाकला आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले.

मोठे डॉक्टर म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख. मला लहानपणापासून ओळखत. विद्यापीठात जाण्यासाठी लागलेल्या माझ्या शिफारसपत्रावर सही त्यांचीच. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि निकाल वाचून फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"यावर 'उत्तम' लिहिलंय."

"उत्तमच आहे, सर. तरीही आहे."

"अगं, निरोगी माणसाला हे होत नाही."

"होतं. खाली येऊन भिंगातून बघा."

"मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही. पण हे औषध राजधानीहून येतं, आणि ते 'क्षीण'च्या खुणेवरच मिळतं. नियम मी केलेला नाही. तिच्या रक्ताच्या तपासण्या पुन्हा करू. काहीतरी क्षीण सापडेलच."

"आणि नाही सापडलं तर? क्षीण होईपर्यंत थांबायचं?"

त्यांनी फॉर्म आणखी थोडा माझ्याकडे सरकवला. म्हणजे हो. त्यांच्या त्या सौम्य चेहऱ्याकडे बघताना मला वाटलं, हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. रक्ताच्या तपासण्या पुन्हा झाल्या, पुन्हा उत्तम निघाल्या. शेवटी मी स्वतः 'उत्तम'वर काट मारून 'क्षीण'वर खूण केली, आणि सोमवारी सही झाली. औषध गुरुवारी आलं. बाई बुधवारी गेल्या. खोटं लिहिल्याबद्दल मला लेखी समज मिळाली.

त्या दिवसापासून मी एका वहीत तक्रार लिहायला घेतली. आरोग्य खात्याला, थेट वर. वही जुनीच, विद्यापीठात असल्यापासूनची. पुढची पानं भरलेली, मागची कोरी. रोज प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत आणि घरी परतल्यावर मी लिहायची, खोडायची, फोन आला तर फोनवर भांडता भांडता वहीवर हात तसाच चालू राहायचा.

*

दुसरा एक बसचालक. पहाटे बस काढणारा, पंजा लढवण्यात डेपोत पहिला. त्याची बायको म्हणाली, "ह्यांना काय होणार? ह्यांना पाहून आजारच रजा टाकतो." तीन आठवडे डोकं दुखत होतं, आता समोरचं दोन दोन दिसत होतं. मी फॉर्म न बघता आधी त्याच्यापाशी गेले. कामाच्या कार्डामागे त्याने बॉलपेनने काळं भरलं होतं, इतकं दाबून की कागद फाटायला आला होता.

"चार चढलेत, डॉक्टरीणबाई," तो हसत म्हणाला. "तिघं पुढं एकत्र, एक मागं उभा. डोक्यात बसलेत आणि उतरायचं नाव घेत नाहीत. तिकीट तरी काढा म्हणावं!"

बायको हसली. मी नाही हसले. भिंगाखाली चार होती. तीन एकत्र, एक दूर, खालच्या कडेला. या वेळी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले, डोळा लावून पुष्कळ वेळ उभे राहिले, आणि वर जाऊन त्यांनी सही केली. चालक जगला. दृष्टी गेली.

काका त्या दिवसापासून साडेआठला निकाल लिहीनासे झाले. त्यांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर आपल्या सुंदर अक्षरात 'आधी बघायचं, मग लिहायचं' असं लिहिलं, आणि खिडकीपाशी टांगला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीस वर्षं, बाई. रोज चार-पाच." त्यांचं गणित त्यांनी पुरं केलं नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त इतकंच वाटलं की पुठ्ठा तीस वर्षांपूर्वी टांगायला हवा होता.

चित्रकलेच्या बाई आणि बसचालक यांच्यात काही समान होतं का, ते मी शोधलं. शाळा आणि डेपो गावाच्या दोन टोकांना. झाडं, पाखरांची घाण, लाकडाचा भुसा, जुनी धान्याची पोती, सगळं विचारलं. काही जुळलं नाही. दोघांत एकच गोष्ट समान होती. दोघंही ठणठणीत होते.

हा शब्द मनात आला आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

*

बाबा टेबलाशी बसले होते. समोर रंधून गुळगुळीत केलेली फळी होती, आणि तिच्यावर पेन्सिलने भरलेलं काळं. कडेपासून कडेपर्यंत, सुताराच्या हाताने, एकही रेघ बाहेर न जाता.

"बाबा, हे काय?"

"गाठी," ते म्हणाले. "लाकडात असतात तशा. फळी कोरी आहे, पण मला दिसताहेत. म्हटलं, करवत लावायच्या आधी खुणा करून ठेवू." त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजून दाखवल्या. "अकरा."

आत्या दारात आली. "महिनाभर हेच चाललंय. गिऱ्हाइकाचं कपाट तसंच पडलंय आणि हा गाठी काढतोय."

"महिनाभर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू घरी असतेस कुठं? आलीस की वहीत डोकं खुपसून बसतेस."

"चला बाबा, आत्ताच्या आत्ता. पाठीतलं पाणी काढायचं."

"वा गं वा!" आत्या म्हणाली. "एवढं शिकून आली, आणि सुई टोचायला पहिला बाप सापडला!"

"पहिला नाही, तिसरा!" मी ओरडले. आयुष्यात आत्यावर इतक्या जोरात ओरडले नव्हते. "आणि तिसरा माझ्या घरात होता, आत्या! मी गावभर बोंबलत फिरतेय आणि तो माझ्या घरात, माझ्यासमोर कपाळ दाबून बसला होता!"

आत्या आत गेली. मग तिने बाबांचा सदरा आणला आणि लहान मुलाला घालतात तसा त्यांना घातला.

फळी मी बरोबर घेतली. प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाला टेकवून ठेवली, काकांच्या देखत. काकांनी थेंब टाकला, पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा भिंगात. मग त्यांनी खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली. मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

मोठ्या डॉक्टरांच्या दारावर मी टकटक केली नाही. फॉर्म त्यांच्यासमोर आपटला. "याच्यावर 'उत्तम' लिहिलंय आणि 'उत्तम'च राहणार आहे. मी आता खोटं लिहिणार नाही. माझे वडील क्षीण नाहीत. तुमचा फॉर्म क्षीण आहे. बुरशीला वाचता येत नाही, सर, ती चौकोन बघून शिरत नाही!" बाहेर लोक जमले. त्यांनी सही केली, आणि त्यानंतर फॉर्म उचलून दोन्ही चौकोनांवर एकच आडवी रेघ मारली. चालकासाठी मागवलेल्या औषधातलं काही शिल्लक होतं. तासाभरात बाबांच्या हातात सलाईन होतं.

मी जिंकले होते. राग तसूभरही उतरला नाही.

*

नवव्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेत बाबा उशीला टेकून बसले होते. थंडी वाजणं थांबलं होतं, ओठांना रंग आला होता. आत्या डबा धुवायला गेली होती. मी खाटेच्या कडेला बसून वहीत तक्रारीचा शेवट लिहीत होते. त्याच दुपारी पुन्हा एकाने फोनवर मला 'संबंधित विभागाशी बोला' असं सांगितलं होतं.

बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"डोकं दुखतं का गं तुझं?"

"नाही. ठणठणीत."

ते हसले. माझ्यातल्या स्वतःला ओळखून हसले.

"मला आता दिसत नाहीत," ते म्हणाले. "गाठी. गेल्या एकेक करून." मग वहीकडे हनुवटीने खूण करून, एखाद्या कारागिराने दुसऱ्याचं काम मान्य करावं तशा आवाजात, "पण तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे. कडा बघ कशा सोडल्यात."

औषधाने कधीकधी भ्रम होतो. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं, वही मिटून पिशवीत टाकली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. तक्रार नीट उतरवून काढायची म्हणून कोरा कागद घेतला आणि वही पहिल्यापासून उघडली.

पहिल्या पानावर 'परत गेल्यावर करायच्या गोष्टी' अशी यादी होती, विद्यापीठातल्या खोलीत लिहिलेली, वर तारीख घातलेली, निघण्याच्या चार महिने आधीची. त्या वेळी चित्रकलेच्या बाई शाळेत शिकवत होत्या, त्यांचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं. समासात शाईने काळं भरलं होतं. काळ्यात सात वर्तुळं होती. डावीकडचं लेकुरवाळं.

चार पानांनंतर चार होती. तिघं एकत्र, एक मागे. त्याच्या पुढे, मी बाबांना फोनवर पाणी प्यायला सांगितलं त्याच आठवड्यातलं पान. अकरा मी या वेळी मोजली.

मग कोरे समास. मग परतल्यानंतरच्या कामाच्या नोंदी, मग तक्रार, रोजची तारीख, आणि रोजच्या तारखेशेजारी तेच एक चित्र, दर पानावर थोडं वाढलेलं. बाईंच्या कागदावर, चालकाच्या कार्डावर, बाबांच्या फळीवर ते नव्हतं. मी ते कुठल्याच भिंगाखाली पाहिलेलं नव्हतं. कालच्या पानावर, खाटेच्या कडेला बसून काढलेल्या त्यात वर्तुळं इतकी होती की मधलं काळं जवळजवळ उरलंच नव्हतं.

मी हाताची कडा पाहिली. काल रात्री साबणाने धुतली होती, तरी ती पुन्हा काळी होती.

काका आले तेव्हा साडेआठ वाजले होते. मी नवा फॉर्म घेतला आणि नावाच्या ओळीवर माझं नाव लिहिलं. वॉर्डातल्या डॉक्टरला निरोप पाठवला की पाठीतलं पाणी काढायचं आहे, सामान घेऊन खाली ये. मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली की औषध आजच मागवा, निकालाची वाट बघू नका. मग पेन पुन्हा उघडलं, फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात, शक्य तितक्या चांगल्या अक्षरात, 'आढळली' असं लिहिलं, आणि तपासणीच्या टेबलावर चढून भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाले, गुडघे पोटाशी घेतले.

काकांनी फॉर्म उचलल्याचा आवाज आला. 

"बाई," ते हळूच म्हणाले, "आधी बघायचं, मग लिहायचं."

"बघितलंय, काका."